इंदूरला नवे आलात? आधी निगमाची गाडी ओळखा

मी साताऱ्याहून लग्न होऊन इंदूरला आले ती २०११ साली. तेव्हा आमच्या सुदामानगरच्या कोपऱ्यावर कचरापेटी होती. पेटीत कमी, भोवती जास्त. आज तो रस्ता बघून नवी मंडळी म्हणतात, हे शहर मुळातच स्वच्छ असेल. तसं नाही, आणि म्हणूनच हे लिहितेय.

इथे महापालिका म्हणू नका, कोणी ओळखणार नाही. 'निगम' म्हणा, आणि नगरसेवकाला 'पार्षद'. पण निगमाच्या मागे दिल्लीचं गृहनिर्माण आणि नागरी व्यवहार मंत्रालय आहे. स्वच्छ भारत, अमृत (शहरांच्या पाणी-सांडपाण्याची योजना), आवास योजना, मेट्रो या सगळ्यांचे धागे तिथे जातात. मंत्रालय निकष ठरवतं, पैशाचा एक हिस्सा देतं आणि तपासणी करतं. बाकीचा पैसा राज्याने आणि निगमाने उभा करायचा, राबायचंही निगमानेच. अमृत २.० मध्ये आपल्यासारख्या दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहराला केंद्राकडून प्रकल्पाचा चौथा हिस्सा मिळतो. म्हणून नळाची तक्रार दिल्लीला करून उपयोग नाही. निगमाच्या ३११ ॲपवर टाका, नाही हलली तर १८१ ला, म्हणजे मुख्यमंत्री हेल्पलाइनला, फोन करा.

आता कचरा. सकाळी गाडी आली की डबे घेऊन खाली उतरायचं. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घातक आणि ई-कचरा असे सहा प्रकार वेगळे. सुरुवातीला मी भाजीची सालं पिशवीत बांधून दिली, तर गाडीवरच्या ताईंनी तिथेच गाठ सोडली, सालं ओल्यात ओतली, आणि ओली पिशवी माझ्या हातात परत दिली. "भाभी, ये अलग." त्या रागावल्या नव्हत्या, पण मला फार लाज वाटली. पुढे देवगुराडियाचा प्रकल्प पाहिला तेव्हा त्या गाठीचं महत्त्व कळलं. २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झालेला हा बायो-सीएनजी प्रकल्प रोज ५५० टन ओला कचरा घेऊ शकतो आणि दिवसाला सुमारे १७ हजार किलो गॅस काढू शकतो. शहरातल्या सिटी बस त्यावर धावतात. पण आत प्लास्टिक गेलं की सगळं बिघडतं. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात सलग आठ वेळा पहिला नंबर आला, तो अशा ताईंच्या हातांमुळे. मला याचा मनापासून अभिमान आहे. तुम्हीही गाडी येईल तेव्हा त्यांना एक तांब्या पाणी विचारा.

पाणी बहुतेक भागात दिवसाआड येतं. नर्मदेचं, सत्तरेक किलोमीटरवरच्या जलूदहून पंपाने चढवलेलं. टाकी मोठी बघून घर घ्या, भाड्याचं असलं तरी.

घर विकत घेणार असाल तर हा परिच्छेद दोनदा वाचा. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये वार्षिक उत्पन्न नऊ लाखांपर्यंत असेल, घर पस्तीस लाखांच्या आतलं आणि कर्ज पंचवीस लाखांच्या आतलं असेल, तर व्याजात जास्तीत जास्त १ लाख ८० हजारांची सवलत मिळते, पाच वार्षिक हप्त्यांत. अट अशी की तुमच्या, जोडीदाराच्या किंवा अविवाहित मुलांच्या नावावर भारतात कुठेही पक्कं घर नको. कुठेही म्हणजे गावाकडेही. आपल्याकडे वडिलांनी नुसतं "नाव लावून ठेवलं" असतं आणि आपण विसरतो. अर्ज करण्याआधी गावच्या घराचा उतारा मागवा. बँक विचारेल तेव्हा धावाधाव नको.

पोह्यांची किंवा वडापावची गाडी लावायचा विचार असेल तर निगमाकडून विक्रेत्याचं प्रमाणपत्र काढा. त्यावर पीएम स्वनिधीत, म्हणजे फेरीवाल्यांच्या कर्जयोजनेत, पहिलं कर्ज आता १५ हजारांचं, तारणाविना. वेळेवर फेडलं की पुढचं मोठं.

मेट्रो ३१ मे २०२५ ला सुपर कॉरिडॉरवर सुरू झाली, पहिला टप्पा साधारण सहा किलोमीटरचा, पाच स्थानकांचा. राजवाड्याकडे रोज जायचं असेल तर तिच्या भरवशावर घर घेऊ नका, अजून बसच कामाची. आणि समग्र आयडी, म्हणजे मध्य प्रदेशातल्या रहिवाशांचा ओळख क्रमांक, पहिल्याच महिन्यात काढा. ती राज्याची आहे, पण इथे तिच्यावाचून कुठलाच अर्ज पुढे सरकत नाही.