कंपनीच्या ठरावीक ईमेल आयडींवर येणारा बाहेरचा मेल कसा अडवायचा?

अंधेरी एमआयडीसीतली पन्नास-साठ माणसांची कुठलीही कंपनी घ्या, तिथे 'ऑलस्टाफ' छापाचा एखादा ग्रुप आयडी असतोच. गणपतीची सुट्टी, उद्या येणारे ऑडिटर, बंद पडलेली लिफ्ट असल्या सूचनांसाठी केलेला. हा आयडी एकदा चुकून सीसीमधून बाहेर गेला की पर्सनल लोनच्या जाहिरातीपासून बनावट इनव्हॉइसपर्यंत सगळं एका फटक्यात साठ जणांच्या इनबॉक्समध्ये पडतं. प्रत्येकाने आपापल्या परीने 'ब्लॉक' दाबून काही होत नाही, कारण पाठवणारा दर वेळी नवा असतो. त्यामुळे तो आयडीच बाहेरच्यांसाठी बंद करायचा. हे काम अ‍ॅडमिन पॅनलमधून होतं.

आधी यादी करा

घाई होते ती इथेच. अंतर्गत ग्रुप बिनधास्त बंद करा. स्कॅनर किंवा सर्व्हरसाठी काढलेले, फक्त मेल पाठवणारे आयडीही चालतील. नोकरी सोडून गेलेल्यांच्या आयडींना मात्र लगेच हात लावू नका. जीएसटी पोर्टलवर जुन्या अकाउंटंटचाच ईमेल नोंदवलेला असणं छोट्या कंपन्यांत अगदी नेहमीचं आहे, आणि ओटीपी व नोटिसा त्याच ईमेलवर येतात. इन्कम टॅक्स, कंपनी रजिस्ट्रेशन, बँक, डोमेनचं नूतनीकरण, सगळीकडे कोणता आयडी दिलाय ते बघा, आधी तिथे बदला, मग इकडे बंद करा. 'पोस्टमास्टर' हा आयडी कधीच बंद करायचा नाही. ईमेलच्या मूळ नियमांनुसार तो प्रत्येक डोमेनवर चालू असावाच लागतो. गैरवापराच्या तक्रारी येतात तो 'अब्यूज'ही उघडाच ठेवा.

ग्रुप असेल तर

मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये एक्सचेंज अ‍ॅडमिन सेंटर उघडा. रेसिपियंट्स, मग ग्रुप्स, हवा तो ग्रुप, त्याच्या सेटिंग्जमध्ये डिलिव्हरी मॅनेजमेंट. तिथे फक्त संस्थेतल्या लोकांचे मेल घेण्याचा पर्याय निवडा. नवा डिस्ट्रिब्यूशन ग्रुप, म्हणजे एकाच आयडीवरून सगळ्यांना मेल पोहोचवणारा ग्रुप, मुळात असाच बंद असतो. तुमचा उघडा असेल, तर तो कधीतरी कोणीतरी मुद्दाम उघडला आहे. का उघडला होता, ते विचारून घ्या.

गूगल वर्कस्पेसमध्ये त्या ग्रुपच्या अ‍ॅक्सेस सेटिंग्जमध्ये जाऊन पोस्ट कोणी करायची, याला 'संपूर्ण संस्था' निवडा.

एकट्याचा आयडी असेल तर

मायक्रोसॉफ्टमध्ये त्या मेलबॉक्सच्या मेल फ्लो सेटिंग्जमध्ये पाठवणारा ऑथेंटिकेटेड, म्हणजे संस्थेच्या खात्यातून लॉग-इन केलेला असावा, अशी अट लावता येते. गूगलमध्ये अ‍ॅप्स, गूगल वर्कस्पेस, जीमेल, राउटिंग या वाटेने जाऊन नियम करा: इनबाउंड मेल, एन्व्हलप फिल्टरमध्ये (मेल कोणाला आलाय ते बघणारी चाळणी) तो आयडी, कृती 'रिजेक्ट'. गूगलकडचा बदल सगळीकडे लागू व्हायला २४ तासांपर्यंत वेळ जाऊ शकतो. लगेच दिसला नाही म्हणून दुसरा नियम करत बसू नका. स्वतःचा पोस्टफिक्स (मेल सर्व्हरचं एक सॉफ्टवेअर) सर्व्हर असेल तर रेसिपियंट अ‍ॅक्सेसच्या तक्त्यात आयडीपुढे रिजेक्ट लिहायचं, आणि ही तपासणी 'परमिट मायनेटवर्क्स'च्या, म्हणजे आपल्या नेटवर्कला परवानगी देणाऱ्या ओळीच्या, नंतर ठेवायची. उलट झालं तर आपलेच मेल अडतील.

रिजेक्ट करावं की गुपचूप डिलीट?

माझं मत स्पष्ट आहे: रिजेक्ट. गुपचूप डिलीट केलं तर खऱ्या व्हेंडरला आपला मेल पोहोचला असंच वाटत राहतं. पण रिजेक्ट दारातच, म्हणजे मेल स्वीकारण्याआधी, व्हायला हवं. वॉचमनने पार्सल गेटवरूनच परत लावणं वेगळं, आणि आत घेऊन मग पाकिटावरच्या पत्त्यावर परत धाडणं वेगळं. स्पॅममध्ये 'फ्रॉम'चा पत्ता बहुधा खोटा असतो. आत घेऊन परत पाठवलेला बाउन्स, म्हणजे मेल न पोहोचल्याचा निरोप, भलत्याच निरपराध माणसाकडे जातो, आणि त्यापायी तुमचाच सर्व्हर काळ्या यादीत जाऊ शकतो. दारात नाकारलं की पाठवणाऱ्या सर्व्हरला ५५० सारखा कोड मिळतो. ५ ने सुरू होणारा कोड म्हणजे कायमचा नकार, ४ ने सुरू होणारा म्हणजे नंतर पुन्हा प्रयत्न कर. सोबत एक ओळ लिहिता येत असेल तर 'हा आयडी अंतर्गत वापरासाठी आहे, सेल्स विभागाला लिहा' असं काहीतरी उपयोगाचं लिहा.

अपवाद विसरू नका

पगाराचं किंवा हजेरीचं सॉफ्टवेअर बहुतेक वेळा बाहेरच्या सर्व्हरवरून मेल पाठवतं. त्यावर नाव तुमच्याच डोमेनचं असलं तरी तुमच्या सिस्टीमच्या लेखी तो बाहेरचाच. एचआरकडून अशा सेवांची नावं आधीच घ्या आणि तेवढ्या पाठवणाऱ्यांना परवानगीच्या यादीत टाका.

तपासणी

स्वतःच्या खासगी जीमेलवरून बंद केलेल्या आयडीला मेल टाका. बाउन्स यायला हवा. ऑफिसच्या आयडीवरून टाका, पोहोचायला हवा. त्या आयडीचं एखादं जुनं टोपणनाव, म्हणजे एलियस, असेल तर त्यावरही टाकून बघा. मग बाहेरूनच एक मेल एका बंद आणि एका चालू आयडीला एकत्र पाठवा. काही ठिकाणी नियम अख्ख्या मेललाच लागतो आणि चालू आयडीवालाही बिचारा कोरडाच राहतो. तसं झालं तर मेल फ्लोचा सरसकट नियम काढून त्या ग्रुपच्या किंवा मेलबॉक्सच्या सेटिंगमधूनच अडवा. पुढचा आठवडाभर मेसेज ट्रेसमध्ये (कोणत्या मेलचं काय झालं ते दाखवणारी नोंद) किंवा सर्व्हरच्या लॉगमध्ये नाकारलेले मेल चाळा, आणि त्यात बँकेचं किंवा एखाद्या ग्राहकाचं नाव दिसलं तर त्याच दिवशी फोन करून त्यांना योग्य आयडी द्या.