वासोटा किल्ल्यावर ग्रुपनं निघताय? आधी बोट मोजा

बेत ठरला की ग्रुपवर पहिली चर्चा रश्श्याची. ती नंतर! किल्ल्याच्या पायथ्याशी शिवसागर, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयातून बोटीनं जातात. बामणोली गावाहून बोटीचं भाडं सहसा अख्ख्या बोटीचं असतं, माणशी नाही. एका बोटीत किती बसतात ते विचारा, मगच गडी गोळा करा. दोघं वाढले की दुसरी बोट. वासोटा कोयना अभयारण्यात येतो, म्हणून वनखात्याची परवानगी लागते, ओळखपत्रं जवळ ठेवा. मुक्काम रानात नाही, बामणोलीतच.

उन्हाळ्यात शिवसागरचं पाणी उतरून काठाचा गाळ उघडा पडतो. वरून भेगाळलेला, वाळलेला दिसतो. पाय टाकला की घोट्यापर्यंत आत. आमच्यातल्या एकाची चप्पल अजून तिथंच आहे. बूट घट्ट बांधूनच उतरा. तंबू-पातेली वाटून घ्या, पाण्याची बाटली मात्र ज्याची त्याची.