रहस्यकादंबरीचा उलगडा जुळत नव्हता : माझा अनुभव

माझ्या रहस्यकादंबरीचे कथानक रायगडच्या किनाऱ्यावर घडते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी चालत जाता येते, तसाच एक काल्पनिक जलदुर्ग मी योजला होता. मसुदा वाचणाऱ्या तिघांनाही शेवटचा उलगडा पटला नाही, पण नेमके कुठे खटकते हे एकालाही सांगता येईना.

प्रथम मी संशयित वाढवले, मग निवेदक बदलला. सात महिने वाया गेले.

अखेर पुढील क्रमाने काम केले. तपासाची प्रकरणे बाजूला ठेवून मी केवळ खुन्याची ती रात्र, संध्याकाळी सहापासून पहाटे चारपर्यंत, अर्ध्या-अर्ध्या तासाने वहीत लिहिली. नंतर प्रत्येक नोंदीसमोर तिथी आणि भरतीची वेळ मांडली. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा कोळ्यांचा ढोबळ हिशोब इथे कामी आला : पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास येते आणि माझा खुनी नेमका तेव्हाच कोरड्या वाळूतून किल्ल्यात चालत जात होता!

खून शुद्ध अष्टमीवर नेला. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाला आणि ओहोटी बाराला. मात्र त्या रात्री चंद्रही मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. त्यामुळे साक्षीदाराने चेहरा पाहिल्याचा प्रसंग काढून, त्याला फक्त ओल्या वहाणांचा चपचप आवाज ऐकू आल्याचे दाखवले. शेवटी वहीतील प्रत्येक नोंदीचा एकेक माग तपासाच्या प्रकरणांत पेरला, आणि तोही उलगड्याच्या किमान दोन प्रकरणे आधी.