एका वर्षाच्या चित्रपटांची क्रमवारी कशी लावावी: १९८२चे उदाहरण

आवडत्या चित्रपटांची यादी करणे आणि त्यांची क्रमवारी लावणे ही दोन वेगळी कामे आहेत. यादीत नाव घालताना तो चित्रपट आवडतो एवढेच सांगायचे असते. क्रम लावताना मात्र प्रत्येक चित्रपट त्याच्या लगेच खाली असलेल्या चित्रपटापेक्षा अधिक का आवडतो, हे सांगता आले पाहिजे. ते सांगता येत नसेल तर त्या क्रमांकाला काही अर्थ उरत नाही. सगळ्या काळातल्या सगळ्या चित्रपटांबाबत असे उत्तर देणे जवळजवळ अशक्य असते. एकाच वर्षाची मर्यादा घालून घेतली, की त्या वर्षीच्या दिग्दर्शकांना उपलब्ध असलेली साधने, ध्वनिमुद्रणाचे तंत्र आणि प्रेक्षकांच्या सवयी यांत फार मोठी तफावत राहत नाही, आणि तुलना बऱ्याच अंशी न्याय्य होते. ऐंशीच्या दशकातले कोणतेही वर्ष या कामासाठी निवडता येईल. येथे १९८२ घेतले आहे, कारण ते वर्ष असाधारण समृद्ध आहे आणि क्रमवारी लावताना येणाऱ्या बहुतेक अडचणी त्यात समोर येतात.

पहिली अडचण वर्षाचीच असते. एखादा चित्रपट अमुक वर्षाचा आहे असे आपण सहज म्हणतो, पण ते वर्ष चित्रीकरणाचे, सेन्सॉर प्रमाणपत्राचे, महोत्सवातल्या पहिल्या खेळाचे की चित्रपटगृहातल्या प्रदर्शनाचे, हे ठरवलेले नसते. जब्बार पटेल यांचा 'उंबरठा' बहुतेक ठिकाणी १९८२चा म्हणून नोंदला जातो. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत मात्र सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान त्याला १९८१च्या चित्रपटांमध्ये मिळाला, कारण ते पुरस्कार प्रमाणपत्राच्या वर्षानुसार दिले जातात. वोल्फगांग पीटरसन यांचा 'दास बूट' जर्मनीत १९८१ साली प्रदर्शित झाला, अमेरिकेत १९८२ साली पोहोचला आणि ऑस्करच्या सहा नामांकनांत १९८२च्या चित्रपटांबरोबर मोजला गेला. इंगमार बर्गमन यांचा 'फॅनी अँड अलेक्झांडर' स्वीडनमध्ये डिसेंबर १९८२मध्ये आला, पण त्याची चार ऑस्कर पारितोषिके १९८३च्या चित्रपटांच्या गटातली आहेत.

यांपैकी कोणताही नियम स्वीकारला तरी चालेल, पण तो नावे लिहायला घेण्याआधी स्वीकारावा आणि शेवटपर्यंत पाळावा. माझ्या मते चित्रपट त्याच्या मूळ देशातल्या चित्रपटगृहांत पहिल्यांदा आला ते वर्ष धरणे सर्वांत योग्य आहे, कारण ज्या प्रेक्षकांसाठी तो बनवला त्यांच्यापर्यंत तो तेव्हा पोहोचलेला असतो. या नियमाने 'उंबरठा' आणि 'फॅनी अँड अलेक्झांडर' आत राहतात आणि 'दास बूट' बाहेर जातो. पाणबुडीच्या अरुंद पोटातून धावणारा तो कॅमेरा ज्याच्या मनात घर करून आहे त्याला हे जड जाईल, तरीही एका लाडक्या चित्रपटासाठी नियम वाकवू नये. वाकवला तर पुढच्या प्रत्येक नावाच्या वेळी तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो.

त्यानंतर कच्ची यादी करावी, आणि ती आधी केवळ आठवणीतून करावी. कोणतीही सूची न पाहता त्या वर्षाचे म्हणून जे चित्रपट आठवतात ते ज्या क्रमाने आठवतील त्या क्रमाने लिहून काढावेत. या कागदाला पुढे महत्त्व येते, कारण इतकी वर्षे लोटल्यावरही कोणते चित्रपट आपल्याजवळ टिकले याची ती प्रामाणिक नोंद असते. मगच त्या वर्षाच्या सूचींकडे वळावे. केवळ गल्ल्याच्या आकड्यांवर विसंबले तर १९८२ म्हणजे स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा 'ई. टी.' आणि त्यामागून येणारे अमेरिकी चित्रपट एवढेच चित्र दिसते. महोत्सवांच्या नोंदी उघडल्या की ते बदलते. कान महोत्सवात त्या वर्षीचे सर्वोच्च पारितोषिक कोस्टा-गाव्रास यांचा 'मिसिंग' आणि यिल्माझ ग्युने यांनी लिहिलेला, शेरीफ गोरेन यांनी दिग्दर्शित केलेला तुर्की 'योल' यांना विभागून मिळाले. बर्लिनचे सुवर्ण अस्वल राइनर वेर्नर फासबिंडर यांच्या 'व्हेरोनिका फॉस'ला आणि व्हेनिसचा सुवर्ण सिंह विम वेंडर्स यांच्या 'द स्टेट ऑफ थिंग्ज'ला मिळाला. आपल्याकडे त्याच वर्षी महेश भट यांचा 'अर्थ', गुलजार यांचा 'अंगूर' आणि मृणाल सेन यांचा 'खारिज' तयार झाला. एवढी नावे एका कागदावर आली की आपण त्यांतले किती पाहिलेले नाहीत हे लगेच कळते. न पाहिलेल्या चित्रपटांची वेगळी यादी करून ती बाजूला ठेवावी आणि कीर्तीच्या जोरावर त्यातल्या एकालाही क्रमवारीत जागा देऊ नये.

आता या कामातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय येतो, आणि बहुतेक क्रमवाऱ्या तो न घेतल्यामुळेच डळमळीत होतात. 'आवडता' म्हणजे काय, हे एका प्रश्नाच्या रूपात लिहून ठेवले पाहिजे. आज संध्याकाळी पुन्हा कोणता पाहावासा वाटेल, हा एक प्रश्न आहे. कोणत्या चित्रपटाने मला सर्वांत खोलवर हलवले, हा दुसरा. कोणता चित्रपट पुन्हा पाहताना आधी न दिसलेले काही दाखवतो, हा तिसरा. कोणता सर्वांत थोर आहे, हाही एक प्रश्न आहे, पण तो आवडीचा नव्हे. त्याचे उत्तर देताना आपण नकळत इतरांची मते उचलतो. पहिल्या तिन्हींपैकी कोणताही एक घ्यावा. दोन प्रश्न एकत्र करून गुण देण्याचा मोह होतो, म्हणजे कथेला दहापैकी इतके, अभिनयाला इतके, संगीताला इतके, आणि मग बेरीज. ही पद्धत मला मुळीच पटत नाही. कोणत्याही एका बाबतीत खटकणारे काही नसलेला मध्यम चित्रपट या बेरजेत वर येतो, आणि एकाच गोष्टीवर सर्वस्व पणाला लावणारा वेर्नर हेर्झोग यांचा 'फित्सकाराल्दो', ज्यात खरोखरीची आगबोट डोंगरावरून ओढून नेली आहे, तो खाली घसरतो.

प्रश्न ठरला की चित्रपट पुन्हा पाहावेत, पण सगळे पाहण्याची गरज नसते. जे निर्विवाद वर आहेत आणि जे निर्विवाद खाली आहेत त्यांचा क्रम आठवणीवरही ठरतो. मधल्या गर्दीतले चित्रपट मात्र पुन्हा पाहिल्याशिवाय हलवू नयेत. लहानपणी पाहिलेल्या चित्रपटांबाबत अधिक काळजी घ्यावी, कारण तिथे चित्रपटाची आठवण आणि त्या वयाची आठवण एकमेकींत मिसळलेली असते. तुलना करायचे दोन चित्रपट शक्यतो थोड्या दिवसांच्या अंतराने आणि सारख्याच परिस्थितीत पाहावेत. एक मोठ्या पडद्यावर आणि दुसरा प्रवासात फोनवर पाहून त्यांची तुलना केली तर ती पडद्यांची तुलना ठरते.

पाहण्यापूर्वी कोणती आवृत्ती पाहतो आहोत हेही तपासावे. रिडली स्कॉट यांचा 'ब्लेड रनर' १९८२ साली नायकाच्या निवेदनासह आणि सुखान्त शेवटासह आला; १९९२च्या आवृत्तीत हे दोन्ही काढले गेले आणि २००७ साली दिग्दर्शकाने आपली अंतिम आवृत्ती दिली. 'फॅनी अँड अलेक्झांडर' चित्रपटगृहात १८८ मिनिटांचा होता आणि दूरचित्रवाणीसाठीची आवृत्ती ३१२ मिनिटांची आहे. 'ई. टी.'च्या २००२च्या आवृत्तीत पोलिसांच्या हातातल्या बंदुका पुसून तिथे वॉकीटॉकी दाखवले गेले. एका वर्षाची क्रमवारी लावत असू तर त्या वर्षी प्रेक्षकांनी पाहिलेली आवृत्ती धरणे तर्काला धरून आहे. ती मिळत नसेल, किंवा 'ब्लेड रनर'सारखी नंतरचीच आवृत्ती आपल्याला प्रिय असेल, तर नावापुढे आवृत्तीचे वर्ष स्पष्ट लिहावे.

प्रत्यक्ष क्रम लावताना आधी तीन ढीग करावेत: ज्यांच्याशिवाय हे वर्ष आपल्याला अपुरे वाटेल असे, मनापासून आवडणारे, आणि केवळ बरे वाटणारे. तिसरा ढीग तिथेच सोडून द्यावा. उरलेल्यांची जोडीजोडीने तुलना करावी. दहा चित्रपटांच्या ४५ जोड्या होतात आणि विसांच्या १९०, म्हणून प्रत्येक जोडी तपासत बसू नये. दोन चित्रपटांचा क्रम लावून घ्यावा, मग प्रत्येक नवा चित्रपट आतापर्यंतच्या क्रमाच्या मध्यावर असलेल्या चित्रपटाशी ताडून पाहावा. तो वरचढ ठरला तर वरच्या अर्ध्याचा मध्य घ्यावा, नाहीतर खालच्या अर्ध्याचा. अशा रीतीने पंधरा चित्रपटांच्या क्रमात सोळाव्याची जागा जास्तीत जास्त चार तुलनांत सापडते. कधी पहिला दुसऱ्याहून, दुसरा तिसऱ्याहून आणि तिसरा पुन्हा पहिल्याहून अधिक आवडतो असे चक्र तयार होते. त्याचा अर्थ बहुधा असा, की तीन तुलनांपैकी एका वेळी आपण ठरवलेला प्रश्न सोडून दुसराच प्रश्न विचारला. ती तुलना शोधून पुन्हा करावी.

एक जोडी नीट तपासून पाहू. 'ई. टी.' ११ जून १९८२ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला आणि जॉन कार्पेंटर यांचा 'द थिंग' त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २५ जूनला, 'ब्लेड रनर'च्याच दिवशी आला. 'ई. टी.' आणि 'द थिंग' या दोन्हींत पृथ्वीबाहेरून आलेला जीव आहे, आणि दोन्हींत त्याच्या येण्याने माणसांचा एक छोटा गट बदलून जातो. स्पीलबर्ग यांनी कॅमेरा मुलांच्या उंचीवर ठेवला. आईचा अपवाद सोडला तर उत्तरार्ध येईपर्यंत मोठ्या माणसांचे चेहरे जवळजवळ दिसतच नाहीत, आणि त्यामुळे ते जग मुलांचे आहे हे कोणी न सांगता आपण मान्य करून टाकतो. शेवटच्या पाठलागासाठी जॉन विल्यम्स यांना संगीत मोकळेपणाने वाजवू दिले गेले आणि त्या संगीताप्रमाणे दृश्यांचे संकलन नंतर जुळवले गेले. तो प्रसंग दर वेळी श्वास रोखून धरायला का लावतो, याचे एक कारण तिथे आहे. 'द थिंग'मध्ये अंटार्क्टिकावरच्या तळातली माणसे एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात, कारण तो जीव कोणाचेही रूप घेऊ शकतो. तापवलेली तार रक्ताच्या नमुन्यात बुडवण्याचा प्रसंग आणि रॉब बॉटिन यांनी उभी केलेली विद्रूप शरीरे सर्वांच्या लक्षात राहतात, पण चित्रपटाचे खरे बळ शांत प्रसंगांत आहे. सुरुवातीचा तो कुत्रा तळावरून निमूटपणे फिरतो, एका खोलीच्या दारात थांबतो, आणि दुसऱ्यांदा पाहणाऱ्याला त्या थांबण्याचा अर्थ कळलेला असतो.

माझा प्रश्न 'पुन्हा पाहताना आधी न दिसलेले काय दिसते' हा आहे, आणि त्या प्रश्नाला धरून मी 'द थिंग' वर ठेवतो. 'ई. टी.' प्रत्येक वेळी तीच भावना तितक्याच उत्कटतेने देतो. 'द थिंग' प्रत्येक वेळी कोण केव्हा बदलला असेल याविषयी नवी शंका देतो. ज्याने 'सर्वांत खोलवर कोणी हलवले' हा प्रश्न घेतला असेल त्याच्याकडे हा क्रम उलटा लागेल, आणि तोही तितकाच बरोबर असेल.

सारख्या विषयांची तुलना सोपी असते. 'अंगूर' आणि 'उंबरठा' यांची करायची झाली तर पाय अडखळतात. एकात संजीव कुमार आणि देवेन वर्मा यांच्या दुहेरी भूमिकांतून निर्माण होणारा निर्मळ गोंधळ आहे, दुसऱ्यात स्त्रियांच्या सुधारगृहात काम करायला घर सोडून गेलेली, स्मिता पाटील यांनी साकारलेली सुलभा आहे. येथे गंभीर विषयाला आपोआप वरचे स्थान देण्याची सवय आपल्यात खोल रुजलेली असते, आणि ती जाणीवपूर्वक बाजूला ठेवावी लागते. प्रत्येक चित्रपटाने स्वतःसाठी जे अवघड काम निवडले ते त्याने कितपत पार पाडले, असे पाहावे. सव्वादोन तास एकच गैरसमज ताणत नेऊन तो कुठेही सैल न पडू देणे हे हलके काम नव्हे. मी स्वतः 'उंबरठा' वर ठेवतो, पण तो सामाजिक प्रश्न मांडतो म्हणून नाही; सुलभा घरी परतल्यावर घरातल्या माणसांच्या वागण्यात झालेला बदल ज्या संयमाने दाखवला आहे, त्यात दर वेळी काही नवे सापडते म्हणून.

नंतरच्या कीर्तीचे काय करावे, हा प्रश्न ऐंशीच्या दशकाबाबत हमखास येतो. 'ब्लेड रनर' आणि 'द थिंग' या दोघांचेही १९८२ साली थंडे स्वागत झाले, आणि पुढच्या दशकांत दोघांचाही मान वाढत गेला. उलट रिचर्ड अॅटनबरो यांच्या 'गांधी'ला आठ ऑस्कर मिळाली, पण पुढच्या चित्रपटांवरील प्रभावाची चर्चा निघते तेव्हा 'ब्लेड रनर'चे नाव कितीतरी आधी घेतले जाते. प्रभाव ही इतिहासाची नोंद आहे; आवडीच्या क्रमवारीत तिला स्थान देऊ नये. पुढच्या शंभर चित्रपटांनी उचललेली दृश्ये मूळ चित्रपटात पाहताना आजही आपण थक्क होतो का, एवढेच विचारावे. 'ट्रॉन'मधली संगणकाने तयार केलेली दृश्ये आज प्राथमिक वाटतात, तरी त्यांतली काळ्या अवकाशातली प्रकाशरेषांची शोभा कोणाला मनापासून भावत असेल तर त्याने ती निःसंकोच वर ठेवावी.

क्रम तयार झाला की प्रत्येक नावापुढे एक वाक्य लिहावे, आणि ते चित्रपटाची स्तुती करणारे नसावे. खालच्या शेजाऱ्यापेक्षा हा वर का, हे त्या वाक्याने सांगावे. जिथे असे वाक्य सुचत नाही तिथला क्रम कच्चा आहे असे समजून ती जोडी पुन्हा पाहावी. यादी दहाचीच असावी असे बंधन नाही. दुसरा ढीग संपतो तिथे ती थांबते, मग ती सातवर थांबो की सतरावर.

शेवटी आठवणीतून केलेला पहिला कागद काढून या क्रमाशेजारी ठेवावा. तिथे अगदी वर असलेला एखादा चित्रपट येथे तळाला गेला असेल, तर त्याविषयी लिहिलेले वाक्य पुन्हा वाचावे आणि ते आपले आहे की कुठे वाचलेले, हे तपासावे. क्रमवारीवर तारीख घालावी. बाजूला ठेवलेल्या यादीतला एकेक चित्रपट जसजसा पाहून होईल तसतसा तो मध्यापासून ताडत जाऊन आपल्या जागी बसवावा, आणि तो बसवताना ज्या चित्रपटांशी तुलना केली त्यांची वाक्ये त्याच दिवशी सुधारून घ्यावीत.