फॉर्ममधील रकान्यांना लेबल जोडण्याची रीत

वेबपानावरील फॉर्ममध्ये रकान्याच्या शेजारी ‘पूर्ण नाव’ हे शब्द लिहिले की काम झाले, असा मार्कअप (म्हणजे पानाची रचना ब्राउझरला सांगणारे टॅग) लिहिणाऱ्या पुष्कळांचा समज असतो. पाहणाऱ्याला ते शब्द आणि तो रकाना एकमेकांचे वाटतात खरे, पण ब्राउझरच्या लेखी तो एक सुटा मजकूर आणि एक निनावी रकाना असतो. स्क्रीन रीडर (पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम) वापरणारी व्यक्ती टॅबची कळ दाबत अशा रकान्यावर आली की तिला अनेकदा ‘एडिट, ब्लँक’ एवढेच ऐकू येते, आणि तेथे नाव भरायचे की दूरध्वनी क्रमांक, हे तिला अंदाजाने ठरवावे लागते. वेबपाने लिहिण्याच्या भाषेच्या १९९७ साली आलेल्या आवृत्तीपासून, एचटीएमएल ४.० पासून, यावर साधा उपाय उपलब्ध असताना कोणावरही ही वेळ आणणे मला अन्यायाचे वाटते.

तो उपाय म्हणजे ‘लेबल’ हा टॅग. रकान्याच्या ‘इनपुट’ टॅगला एक ‘आयडी’ द्यावा, समजा ‘फुलनेम’, आणि ‘पूर्ण नाव’ हे शब्द ‘लेबल’ टॅगमध्ये घालून त्या टॅगच्या ‘फॉर’ या ॲट्रिब्यूटमध्ये (टॅगच्या आत लिहिल्या जाणाऱ्या गुणधर्मात) तोच ‘फुलनेम’ जसाच्या तसा लिहावा. येथे रोमन लिपीतील लहान आणि मोठ्या अक्षरांचा फरकही धरला जातो. नवशिके बहुधा चुकतात ते ‘नेम’ या ॲट्रिब्यूटपाशी: ‘नेम’ हा भरलेली माहिती सर्व्हरकडे पाठवताना वापरला जातो, आणि ‘फॉर’ त्याच्याकडे पाहतही नाही, त्याला केवळ ‘आयडी’ कळतो. जोडणी नीट झाली की लेबलवर क्लिक केल्यावर कर्सर रकान्यात जातो आणि चेकबॉक्स असेल तर त्यावर खूण होते, त्यामुळे हात थरथरणाऱ्या किंवा लहान पडद्यावर बोटाने काम करणाऱ्या माणसाला त्या इवल्याशा चौकोनावर नेम धरावा लागत नाही.

रकाना लेबलच्या पोटातच ठेवला तर ‘फॉर’ न लिहिताही जोडणी होते. मी स्वतः ‘फॉर’ लिहिण्याचीच सवय ठेवली आहे, कारण पुढे कोणी मांडणी बदलून रकाना लेबलच्या बाहेर काढला तरी ती जोडणी टिकून राहते.

‘आयडी’ संपूर्ण पानात एकमेव असला पाहिजे, आणि हा नियम मोडल्याचे नुसते पाहून लक्षात येत नाही. एका फॉर्ममध्ये कायमच्या पत्त्याचा भाग नक्कल करून खाली सध्याच्या पत्त्यासाठी चिकटवला होता आणि दोन्ही ठिकाणी शहराच्या रकान्याचा ‘आयडी’ ‘सिटी’ असाच राहिला होता. खालच्या ‘शहर’ या शब्दावर क्लिक केले की कर्सर वरच्या रकान्यात उडी मारत असे. मी तो फॉर्म कित्येकदा भरून पाहिला होता, पण प्रत्येक वेळी थेट रकान्यावरच क्लिक केल्यामुळे ही चूक माझ्या नजरेस पडली नव्हती.

रेडिओ बटणांच्या, म्हणजे अनेकांपैकी एकच पर्याय निवडू देणाऱ्या गोल बटणांच्या, बाबतीत प्रत्येकाचे लेबल पुरेसे नसते. ‘होय’ आणि ‘नाही’ ऐकू आले, पण प्रश्न कोणता होता? त्यासाठी तो सगळा गट ‘फील्डसेट’ टॅगमध्ये घालून प्रश्न ‘लेजंड’ टॅगमध्ये, सर्वांत आधी लिहावा.

लेबलऐवजी ‘प्लेसहोल्डर’, म्हणजे रिकाम्या रकान्याच्या आतच दिसणारा फिकट मजकूर, वापरण्याची रूढी मात्र सोडून द्यावी. तो पहिले अक्षर टंकताच नाहीसा होतो, आणि अर्धा फॉर्म भरून झाल्यावर मागे वळून पाहणाऱ्याला कोणत्या रकान्यात काय मागितले होते याचा पत्ता लागत नाही. ‘दिनांक, महिना, वर्ष या क्रमाने लिहा’ अशी सूचना द्यायची असेल तर ती रकान्याजवळ कायम दिसेल अशी लिहून ‘एरिया-डिस्क्राइब्डबाय’ या ॲट्रिब्यूटने रकान्याशी जोडावी, चूक दाखवणारा संदेशही त्याच मार्गाने जोडता येतो.

केवळ भिंगाचे चित्र असलेल्या शोध-बटणासारख्या ठिकाणी, जेथे दिसणाऱ्या शब्दांना जागाच नसते, तेथे स्क्रीन रीडरसाठी नाव देणारे ‘एरिया-लेबल’ हे ॲट्रिब्यूट चालते. परंतु शब्द दिसत असतील तेथे ते वापरताना जपावे, कारण स्क्रीन रीडरला मिळणाऱ्या नावात ‘एरिया-लेबल’ हे ‘लेबल’ टॅगवर मात करते. बटणावर ‘पाठवा’ असे दिसते आणि ‘एरिया-लेबल’मध्ये ‘सबमिट’ असते, तेव्हा आवाजाने संगणक चालवणारा माणूस ‘पाठवा’ म्हणतो आणि बटण दबतच नाही. २०१८ सालच्या डब्ल्यूसीएजी २.१ (वेब सर्वांना वापरता यावे यासाठीच्या मार्गदर्शक सूचना) मधील २.५.३ हा निकष याचसाठी आहे: दिसणारा मजकूर नावात आलाच पाहिजे.

तपासणीसाठी प्रथम प्रत्येक लेबलवर क्लिक करून कर्सर कोठे जातो ते पाहावे. मग क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये रकाना निवडून ॲक्सेसिबिलिटीच्या कप्प्यात त्याचे ‘नेम’ (वरचे ‘नेम’ ॲट्रिब्यूट नव्हे, तर स्क्रीन रीडरला मिळणारे नाव) काय आले आहे ते वाचावे. ते रिकामे असेल तर रकाना अजून निनावीच आहे. शेवटी एनव्हीडीए हा विनामूल्य स्क्रीन रीडर सुरू करून, पडदा झाकून, केवळ टॅबच्या कळीने संपूर्ण फॉर्म एकदा भरावा, आणि जेथे हात थबकेल त्या रकान्याचे मार्कअप पुन्हा उघडावे.