अडत दुकानाचा जुना फॉक्सप्रो प्रोग्राम: हाताने नव्हे, नियमांनी बदला

जळगाव-धुळ्याकडच्या एखाद्या अडत दुकानात डॉसवरचा फॉक्सप्रो (जुनी डेटाबेस-भाषा) प्रोग्राम अजून शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे मालाच्या हिशेबाच्या पावत्या, काढत असेल, तर तो पायथनमध्ये हाताने नव्याने लिहायला बसू नका. अडत (दलाली), हमाली, तोलाई, कडता (वजनातली घट) यांचे बारकावे त्या कोडातच दडलेले असतात, कागदावर कुठेच नसतात. त्यापेक्षा बदलाचे नियम लिहा आणि ते यंत्राकडून सगळ्या ओळींवर चालवून घ्या. चूक निघाली तर नियम दुरुस्त करून पुन्हा चालवायचा, तयार झालेल्या कोडाला हात लावायचा नाही. हे पथ्य मोडायचा मोह पहिल्याच आठवड्यात होतो.

काम नेहमी प्रतीवर करा. डीबीएफ या माहितीच्या फायलीबरोबर सीडीएक्स (अनुक्रमणिका) आणि एफपीटी (मेमो, म्हणजे लांब मजकुराचा रकाना) फायलीही उचला. एफपीटी राहिली तर मेमोतला मजकूर जातो. 64 बिट विंडोजवर 16 बिटचा डॉस प्रोग्राम चालत नाही, तेव्हा डॉसची नक्कल करणारा डॉसबॉक्स वापरा.

आता जुन्या वागण्याचा ठसा घ्या, म्हणजे जुना प्रोग्राम काय छापतो ते तुलनेसाठी जपून ठेवा. कापूस, मका, तूर, केळी अशा प्रत्येक मालाच्या पट्ट्या निवडा. त्यात उचल दिलेली, परत आलेली, शून्य वजनाची अशा अडनिड्या पट्ट्या हव्यातच. ‘सेट प्रिंटर टू’ने छपाई कागदाऐवजी फायलीत वळवा आणि ती फाईल गिटमध्ये (फायलींच्या आवृत्त्या जपणारे साधन) ठेवा. छपाईची तारीख-वेळ दर वेळी बदलते, म्हणून तुलनेआधी ती झाका. जुन्या प्रोग्रामची चूकही या ठशात तशीच ठेवा. ती सुधारायची असेल तर स्थलांतर संपल्यावर, वेगळी.

शोधा-बदला करून हे काम होत नाही. फॉक्सप्रोत ‘रिप्लेस’ चार अक्षरांतही लिहिता येतो, ओळीच्या शेवटी अर्धविराम आला की आज्ञा पुढच्या ओळीवर जाते. टिपणीच्या (न चालणाऱ्या शेऱ्याच्या) शेवटी अर्धविराम असेल तर पुढची ओळही टिपणीच ठरते. ती कोडासारखी दिसते, पण कधीच चालत नाही. म्हणून एएनटीएलआरसारख्या साधनाने पार्सर (कोडाची रचना ओळखणारा प्रोग्राम) करा, कोडाचे झाड बांधा आणि नियम झाडावर चालवा. पार्सरची पहिली परीक्षा अशी: एकही नियम न लावता फाईल वाचून परत लिहा, ती बाइटला बाइट जुळली पाहिजे. नियमाची परीक्षा अशी: तोच नियम दुसऱ्यांदा चालवल्यावर काहीही बदलू नये. एक नियम, गिटमध्ये एक कमिट (बदलाची नोंद), आणि लगेच ठशाशी तुलना.

सगळ्यात जास्त चकवतात त्या दिसायला साध्या गोष्टी. फॉक्सप्रोची ‘सेट एक्झॅक्ट’ ही सेटिंग बंद असताना ‘पारोळा रोड’ = ‘पारोळा’ ही तुलना खरी ठरते, उलटी केली तर खोटी. उजवीकडे रिकामी अक्षरमाळ असेल तर तुलना नेहमीच खरी. पायथनमध्ये याचे भाषांतर ‘बरोबर आहे का’ असे नाही, ‘त्याने सुरू होते का’ असे करा. 12.125 रुपयांची तोलाई फॉक्सप्रो 12.13 करतो, पायथनचा साधा राउंड 12.12 देतो. एका पैशाने पट्टी चुकली की दिवसाचा रोजमेळ जुळत नाही, म्हणून पायथनचा डेसिमल प्रकार आणि ‘राउंड हाफ अप’ (अर्धा आला की वर) ही पद्धत वापरा. खोडलेली नोंद फायलीतून जात नाही, तिच्यापुढे फक्त तारा लागतो. खोडलेल्या नोंदी लपवणारे ‘सेट डिलिटेड’ चालू केलेलेच नसेल तर जुनी बेरीज ती नोंद धरूनच होत असते.

अँड-चिन्हाचे (&) मॅक्रो यंत्राला कळत नाहीत, कारण त्यांत आज्ञा प्रोग्राम चालताना तयार होते. ते सगळे वेगळे काढून त्यात कोणकोणती मूल्ये येतात ते मेनूवरून शोधा. बहुतेक ठिकाणी पाच-सहाच पर्याय निघतात, ते सरळ ‘केस’मध्ये मांडा.

मेलेला दिसणारा कोड लगेच कापू नका. 2016 पासून महाराष्ट्रात फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेतात. त्यामुळे केळीच्या पट्टीतली जुनी कपात रोजच्या कामात येणार नाही, पण 2015ची पट्टी पुन्हा छापायला तीच लागेल.

नावे-गावे जुन्या मराठी फाँटमध्ये असतील तर नुसता अक्षराला अक्षर तक्ता पुरत नाही. अशा फाँटमध्ये अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात: ‘शिरपूर’मधली ऱ्हस्व वेलांटी ‘श’च्या आधी, ‘वर्डी’तला रफार ‘ड’च्या नंतर. युनिकोडमध्ये वेलांटी व्यंजनानंतर आणि रफाराचा ‘र’ व्यंजनाआधी न्यावा लागतो. ‘शेतकऱ्या’तला ‘ऱ्य’ वेगळा तपासा, तो हमखास बिघडतो. फाँट एकच असेल असे धरू नका, दोन संगणकांवरून भरलेल्या एकाच डीबीएफमध्ये दोन तक्ते निघू शकतात.

शेवटी जुना आणि नवा प्रोग्राम निदान एक पूर्ण महिना शेजारी शेजारी चालवा, महिनाअखेरीसकट. कापसाची आवक ओसरलेली असते तेव्हा, म्हणजे आखाजी ते पोळा या काळात, हे सोयीचे जाते. लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्तावर नवा प्रोग्राम सुरू करायचा हट्ट मालकाने धरला, तर पूजा नव्या संगणकाची करा, पट्ट्या मात्र महिनाभर दोन्हीकडून काढा.