या चुका टाळा: बंदुकीच्या पेटीत ओल भरतो कोण?

दसरा होऊन दिवाळीचा फराळ संपत आला की दुरुस्तीला दुनळ्या (दोन नळ्यांच्या बंदुका) यायला लागतात. नळीवर तांबूस ठिपके, चापाजवळ गंजाची रेघ आणि सोबत ठरलेलं वाक्य: "यंदा पाऊस फार होता हो." पाऊस मुळशीत फार असतो, लोणावळ्यात फार असतो. पुणे शहरात जुलै-ऑगस्टच्या सकाळी आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते खरी, पण एप्रिल-मेच्या दुपारी हेच शहर ३० टक्क्यांच्या खाली उतरतं. पोलादाला ६० टक्क्यांच्या पुढे त्रास सुरू होतो, ४० ते ५० मध्ये ते सुखात असतं. कुलूपबंद पेटीतली बहुतेक ओल आभाळातून येत नाही. चामडं, पुठ्ठा, कापड आणि हळद यांच्याबरोबर आपणच ती आत ठेवतो.

खंडेनवमीची हळद

शस्त्रपूजेला कोणाची ना नाही. आक्षेप आहे तो पूजेनंतरच्या आळसाला. नवमीला बंदूक पाटावर येते. नळीवर हळद-कुंकवाची बोटं, वर फुलाने शिंपडलेलं पाणी, दस्त्याला झेंडूची माळ, आणि शेजारीच नारळ फोडला तर त्याचेही शिंतोडे. दुसऱ्या दिवशी सोनं वाटायच्या गडबडीत कोणीतरी माळ काढतं आणि बंदूक तशीच चामड्याच्या कव्हरात सरकवून माळ्यावर टाकतं. हळद-कुंकवाची पूड ओल धरून ठेवते, नारळाच्या पाण्यात क्षार असतात, आणि झेंडूच्या पाकळ्या अडकतात त्या नेमक्या नळी आणि दस्त्याच्या सांध्यात. तीन आठवड्यांनी कव्हर उघडलं की पूजेची पाचही बोटं जागच्या जागी असतात, फक्त पिवळ्याऐवजी तपकिरी. वरचा गंज निघतो, खालचे खड्डे राहतात. नळीचा निळसर-काळा रंग हा काही ऑइलपेंट नव्हे. तो लोखंडाच्याच ऑक्साइडचा एक-दोन मायक्रॉनचा थर आहे. तेल असेल तोवरच तो कामाचा.

उपाय सोपा आहे. नळीवर विड्याचं पान ठेवा आणि हळद-कुंकू पानावर वाहा. काडतुसं पूजेत मांडूच नका, समोर निरांजन तेवत असतं. आणि पुसणी त्याच संध्याकाळी करा, "सुट्टीत बघू" नको. आधी बंदूक उघडून ती रिकामी आहे हे डोळ्यांनी बघा आणि बोटानेही चाचपा. सांध्यातली पूड कोरड्या मऊ टूथब्रशने काढा. ओल्या फडक्याने ती आणखी आत जाते. मग जुन्या सुती बनियनचा तुकडा घ्या, त्यावर गंजरोधक तेलाचे ५-६ थेंब टाका आणि सगळं धातुकाम पुसून घ्या. नळीतून आधी कोरडं चिंधूक, मग तेलाचं, मग पुन्हा एक कोरडं फिरवा. आत हलका ओशटपणा राहिला म्हणजे पुरे. शेवटचा हात फिरवल्यावर उघड्या बोटांनी नळीला शिवू नका, घामाचा ठसा हासुद्धा मिठाचाच ठसा असतो.

आता कव्हर. चामडं कमावताना वापरलेली आम्लं आणि क्षार त्यात उरतात, आणि हवेतली ओल ते स्पंजासारखं पितं. फोमची केसही त्याच माळेतली. दोन्ही बंदूक न्यायला आहेत, ठेवायला नाहीत. काडतुसांचा चामडी पट्टा तर आजोबांची आठवण म्हणून भिंतीवर रिकामा टांगावा. भरलेला ठेवला तर पितळ कळकून हिरवं होतं.

पुणेकरांना खरं तर यावर उत्तम तोड घराजवळ मिळते. भोसरी-चाकणचे कारखाने मशीन केलेले सुटे भाग समुद्रापार पाठवतात ते व्हीसीआय कागदात किंवा पिशवीत गुंडाळून. त्या कागदातून निघणारी वाफ बंद जागेत धातूवर बसते आणि गंज रोखते. बंदुकीला तोच कागद चालतो. घेताना 'मल्टिमेटल' मागा, कारण फक्त लोखंडासाठीचे काही प्रकार पितळाला बाधतात. पिशवी घट्ट बंद हवी. उघड्या कपाटात तो कागद म्हणजे नुसती रद्दी. दीड-दोन वर्षांनी बदला.

जुलैत बंद केलेला डबा

काडतुसांसाठी रबरी गॅस्केटचा पत्र्याचा डबा घ्यायचा, त्यात बुटाच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या (ओल शोषणाऱ्या खड्यांच्या) दोन पुड्या टाकायच्या, झाकण दाबायचं आणि पाच वर्षं विसरायचं, असा एक समज आहे. घाई असणाऱ्यांचा तो फार लाडका. तो फसतो का, हे हिशेबाने बघू. २० लिटरच्या डब्यात पावसाळी हवा कोंडली तरी त्यातलं पाणी भरतं जेमतेम अर्धा ग्रॅम. म्हणजे हवा नगण्य. पण आत मूळ पुठ्ठ्याची चार-पाच खोकी असतील, तर त्या १०० ग्रॅम पुठ्ठ्यात पावसाळ्यात १० ग्रॅमहून जास्त पाणी मुरलेलं असतं. झाकण लागल्यावर ते सावकाश बाहेर पडून काडतुसांच्या बुडाशी बसतं. चांगलं गॅस्केट मग ती ओल आत कोंडून ठेवायचं काम चोख करतं.

म्हणून डबा भरायचा तो एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी, फार तर जानेवारीत. खोक्यांवरचा लॉट क्रमांक, बोअर, छऱ्याचा नंबर आणि खरेदीची तारीख चिठ्ठीवर उतरवा, पुठ्ठा काढून टाका, काडतुसं प्लास्टिकच्या ट्रेमध्ये उभी लावा. काडतुसं "जरा सुकवू" म्हणून उन्हात किंवा हीटरजवळ ठेवायची नाहीत. उष्णतेने आतली दारू खराब होते. त्याच कारणाने गाडीची डिकी, पत्र्याची शेड आणि गच्चीखालचा माळाही बाद. खालच्या मजल्यावरची आतली भिंत सर्वांत बरी.

गॅस्केट तपासायला वहीच्या कागदाची पट्टी झाकणात धरून ती ओढा. चारही बाजूंना ती घट्ट धरली गेली पाहिजे. एका कोपऱ्यातून जरी सहज निसटली तरी रबर बदला.

सिलिका जेल २० लिटरला १०० ग्रॅम घ्या. ४० टक्के आर्द्रतेला ते स्वतःच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकं पाणी धरतं. बुटाच्या खोक्यातली पुडी तुमच्याकडे येईपर्यंत पिऊन तट्ट झालेली असते. कोरड्या जेलचं वजन पिशवीवरच लिहून ठेवा. किचनच्या काट्यावर ते १५ टक्क्यांनी वाढलं की पातळ थर पसरून ११०-१२० अंशांवर दोन तास भाजा आणि बंद बरणीत गार होऊ द्या. निळ्या खड्यांत कोबाल्ट असतं, ते स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये घालू नका. सरळ नारिंगी घ्या.

आत ५०० रुपयांच्या आतला आर्द्रतामापक ठेवा, पण त्यावर डोळे झाकून विश्वास नको. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंबभर पाण्याने ते वाळूसारखं ओलं करा आणि मापकासह झिपच्या पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी काटा ७५ दाखवला पाहिजे. ६८ दाखवला तर तो सात कमी दाखवतो एवढं लक्षात ठेवलं की झालं.

बाकीच्या, थोडक्यात

पावसाळ्यात कपाटात टांगतात ती, खाली पाणी साठणारी ओलशोषक पिशवी बंदुकीच्या कपाटात आणू नका. आत कॅल्शियम क्लोराइड असतं. एक थेंब सांडला की नळीवर खारट पाणी सांडल्यासारखंच.

खोबरेल तेल. डिसेंबरात बाथरूममधली बाटली गोठलेली दिसते ना? तेच बंदुकीच्या घोड्याच्या स्प्रिंगमध्ये होतं, आणि जुनं झालं की त्याचा चिकटा होतो. शिलाई मशीनचं तेल वंगण म्हणून ठीक, पण उभ्या नळीवरून ते निथळून जातं. डब्ल्यूडी-४० पाणी हुसकायला छान आहे, मागे उरणारा थर मात्र वर्षभर टिकायला फार पातळ. आणि ते काडतुसांवर मारू नका, टोपीत (काडतुसाच्या बुडातल्या, ठिणगी पाडणाऱ्या भागात) झिरपलं तर बार फुसका जातो.

जास्त तेल म्हणजे जास्त संरक्षण नव्हे. बंदूक उभी ठेवली तर ते दस्त्यात उतरतं आणि लाकूड मऊ पडतं. आडवी ठेवा किंवा नळीचं तोंड खाली करा.

नळीच्या तोंडात बोळा कोंबू नका. बोळ्यामागे ओल अडकून गंजाचं कडं पडतं. बोळा विसरून बार काढला तर नळी फाटते. आत जाड ग्रीस लावलं असेल तर तेही वापरण्याआधी पूर्ण काढायचं.

एसी गाडीतून आणलेली बंदूक लगेच उघडू नका. केस बंदच ठेवून तास-दीड तास खोलीत राहू द्या, नाहीतर गार लोखंडावर दव धरतं.

मावळातल्या फार्महाऊसवर युरियाच्या पोत्यांशेजारी काडतुसं ठेवणाऱ्यांनी हे नीट वाचावं. ब्रिटिश फौजा हिंदुस्थानात पावसाळ्यात काडतुसं घोड्यांच्या पागेत ठेवत. काडतुसांच्या पितळी कवचांना तडे जात आणि कारण कळत नसे. १९२१ मध्ये उलगडा झाला: घोड्यांच्या मुताचा अमोनिया, हवेतली ओल आणि ओढून घडवलेल्या पितळात उरलेला ताण, तिन्ही एकत्र आले की पितळ चिरतं. दमट युरियातूनही अमोनियाच सुटतो. गोठा, खताची खोली, अमोनियावालं काच पुसायचं द्रावण, सगळं लांब ठेवा. कळकलेलं काडतूस चिंच-लिंबाने घासून चमकवणंही नको. आम्ल पितळ खातं, ओल टोपीत जाते. कोरड्या फडक्याने निघतो तो डाग, बाकीचं खराब. तडा गेलेलं, फुगलेलं किंवा टोपीभोवती हिरवं झालेलं काडतूस वापरायचं नाही, कचऱ्यात किंवा विहिरीतही टाकायचं नाही. परवानाधारक विक्रेत्याला किंवा पोलीस ठाण्यात विचारून जमा करा.

गंज आलाच तर चार शून्यांची (०००० नंबरची, सर्वांत बारीक) स्टील वूल आणि तेल, हलक्या हाताने. सँडपेपर नाही, ॲसिड नाही. चेंबरमध्ये (नळीच्या ज्या मागच्या भागात काडतूस बसतं तिथे) खड्डे दिसले तर ते घरचं काम नव्हे.

बंदूक आणि काडतुसं वेगवेगळ्या कुलपांत हवीत, आणि संख्या परवान्यावर लिहिली आहे तेवढीच. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी, एरवी महिन्यातून एकदा उघडून बघा.

निवडणुकीच्या आचारसंहितेत हत्यार जमा करायचा आदेश आला की आदल्या रात्री नेहमीपेक्षा थोडं जास्त तेल लावा, व्हीसीआय पिशवीत बंद करा, क्रमांक आणि चारही बाजूंचे फोटो काढून ठेवा. जमा केल्याची पावती घ्या. परत मिळाल्यावर पिशवी घरी आणून त्याच दिवशी उघडा आणि फोटोंशी ताडून बघा.